स्नॅग नेमका कुठे?

२३ फेब्रुवारी २००८ रोजी प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावरून अमेरिकी हवाई दलाचे एक बी-२ बॉम्बर उडाले आणि काही क्षणांतच धावपट्टीलगत कोसळले. दोन्ही वैमानिक इजेक्ट झाल्यामुळे वाचले. सुमारे १४० कोटी डॉलरचे विमान मात्र जळून गेले. हवेचा दाब मोजणाऱ्या त्याच्या २४ सेन्सरपैकी तीन सेन्सरमध्ये ओल शिरली होती. तंत्रज्ञांनी उड्डाणाआधी त्यांचे कॅलिब्रेशन केले, म्हणजे ओलीमुळे बिघडलेले आकडेच गृहीत धरून जुळवाजुळव केली. मग हीटर चालू झाला, ओल वाळली आणि ती सगळी जुळवाजुळव खोटी पडली. विमान पुरेशा वेगात आहे आणि त्याचे नाक खाली झुकले आहे, असा संगणकाचा समज झाला. त्याने नाक सुमारे ३० अंश वर उचलले आणि विमान स्टॉल झाले, म्हणजे त्याला हवेत टिकवणारी उचलच संपली. चौकशीतून पुढे आलेली एक गोष्ट याहून बोलकी आहे. कॅलिब्रेशनआधी हीटर लावून ओल घालवायची युक्ती काही तंत्रज्ञांना २००६ पासून ठाऊक होती. ती अधिकृत कार्यपद्धतीत कधी उतरलीच नाही, त्यामुळे सगळ्यांपर्यंत पोचलीही नाही.

लढाऊ विमानांच्या एव्हिऑनिक्सची, अर्थात त्यांतल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांची, देखभाल म्हणजे बिघडलेला बॉक्स काढायचा, नवा बसवायचा आणि सही करायची, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. भरतीच्या जाहिरातींत दिसणारे चकचकीत हँगर ती आणखी पक्की करतात. ग्वामचा अपघात वेगळेच सांगतो. या कामाचा कस लागतो तो स्नॅग, म्हणजे दोष, का आला याचा माग काढण्यात आणि जे कळले ते पुढच्या माणसासाठी लिहून ठेवण्यात. हातातले कौशल्य लागतेच, पण त्याचा नंबर दुसरा.

आपल्या सुखोई-३० एमकेआयकडे पाहिले तर हे पटते. २००२ साली हे विमान पुण्याच्या लोहगाव तळावर वायुसेनेत दाखल झाले. त्यातल्या बहुतेक विमानांची बांधणी नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये झाली आणि ओझरलाच वायुसेनेचा ११ बेस रिपेअर डेपो त्यांची मोठी दुरुस्ती करतो. या विमानाचे रडार रशियन, काही डिस्प्ले फ्रेंच, हेड-अप डिस्प्ले इस्रायली, तर मिशन कॉम्प्युटर आणि रडार वॉर्निंग रिसीव्हर भारतीय आहेत. इतक्या देशांची उपकरणे एका विमानात एकमेकांशी बोलतात ती डेटा बसवरून. लष्करी विमानांत सर्वाधिक रूढ असलेला १५५३बी हा बस म्हणजे पीळ दिलेल्या तारांची जोडी. तिच्यावर एक नियंत्रक जास्तीत जास्त ३१ उपकरणांशी सेकंदाला दहा लाख बिट या वेगाने देवाणघेवाण करतो. अशा जाळ्यात दोष एका ठिकाणी असतो आणि तक्रार भलत्याच पडद्यावर उमटते. त्यात स्थिर विजेची भर असते. माणसाला साधारण ३००० व्होल्टच्या खालचा झटका जाणवतही नाही, पण काही नाजूक चिप शंभर व्होल्टच्या आतच निकामी होतात. मनगटाला अर्थिंगचा पट्टा न बांधता कार्ड हाताळणारा माणूस स्वतःच नवा स्नॅग तयार करतो, आणि तो त्याला कळतही नाही.

यावर पहिला आक्षेप असा की आजची विमाने स्वतःच स्वतःची तपासणी करतात, मग माणसाने डोके चालवायचे कशाला? बिल्ट-इन टेस्टची सोय आहे हे खरे, आणि तिने कामाचे कितीतरी तास वाचवले आहेत. पण थर्मामीटर ताप दाखवतो, तो मलेरियाचा की टायफॉइडचा हे सांगत नाही. टेस्टने दोषी ठरवलेला बॉक्स वर्कशॉपच्या बेंचवर ठणठणीत निघतो, ही जगभरच्या हवाई दलांची जुनी डोकेदुखी आहे. अशा वेळी खरा गुन्हेगार बहुधा सैल पिन, घासलेली तार किंवा कनेक्टरमधली ओल असते. विमान कंप पावते, तापते, वर गार पडते तेव्हाच तो डोके वर काढतो. हँगरमध्ये उभ्या विमानात सापडत नाही. गोव्याच्या आयएनएस हंसासारख्या समुद्राकाठच्या तळावर खारी हवा आणि पावसाळा मिळून अशा दोषांना खतपाणीच घालतात. तिथे उपयोगी पडतात त्या विमानाच्या जुन्या नोंदी: हाच स्नॅग आधी कधी आला होता, तेव्हा काय बदलले, आणि बदलून फरक पडला का.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०२२ पासून वायुसैनिकांची भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते आणि त्यातून जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम केले जाते. प्रशिक्षणाचे महिनेही याच चार वर्षांतून वजा होतात. एवढ्या मुदतीत कोणी निष्णात होईल का? माझ्या मते होणार नाही. बॉक्स काढण्या-घालण्यात तो तरबेज होईल, पण स्नॅगचा माग काढण्याची नजर एका विमानावर अनेक पावसाळे गेल्याशिवाय येत नाही. फौज तरुण राहावी आणि निवृत्तिवेतनाचा भार कमी व्हावा, हे समर्थन पायदळाच्या जवानाबाबत निदान चर्चेला घेता येईल. तांत्रिक ट्रेडला तेच माप लावणे म्हणजे नजर बसू लागली की माणूस घरी पाठवणे. जे ज्ञान मॅन्युअलात नसते ते त्याच्याबरोबर फाटकाबाहेर जाते, आणि ग्वामला कमी पडले होते ते असलेच ज्ञान. कायम करण्याचे प्रमाण एव्हिऑनिक्ससारख्या ट्रेडसाठी तरी वाढवायला हवे.

तोवर या वाटेने जाणाऱ्या मुलामुलींनी हिशेब आधीच मांडावा. बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी, किंवा ठरावीक शाखांतला तीन वर्षांचा डिप्लोमा, एवढ्यावर अर्ज करता येतो. बाहेर पडल्यावर मात्र लष्करी अनुभवावर नागरी विमानावर सही करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, एव्हिऑनिक्ससाठी असलेल्या बी-२ परवान्याचे पेपर द्यावे लागतात आणि नागरी विमानावरचा अनुभवही दाखवावा लागतो. त्या पेपरांचा अभ्यास नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनच सुरू करा.