रात्रभर चालू कॉम्प्युटर कशासाठी?

घरचा कॉम्प्युटर रोज बंद-चालू केला की लवकर खराब होतो, त्यापेक्षा तो चालूच राहू द्यावा, हा समज अजून बऱ्याच घरांत पक्का आहे. एके काळी त्याला आधार होता. पण तो ज्या यंत्रांवरून रूढ झाला, ती यंत्रे आता घरांतून गेली आहेत. शिवाय वसई-विरारच्या पूर्व पट्ट्यात, चांदीपसारख्या गावात, हा सल्ला चक्क तोट्याचा ठरतो. तिथे कॉम्प्युटरला खरा धोका आहे तो न सांगता जाणाऱ्या आणि तशाच येणाऱ्या विजेचा, आणि रात्रभर चालू असलेले यंत्र त्या धोक्यासमोर उघडे पडलेले असते.

आधी झिजण्याचा मुद्दा पाहू. यंत्र तापते तेव्हा चिप, तांबे आणि सोल्डर कमी-अधिक प्रसरण पावतात, थंड होताना आकसतात. हे वारंवार झाले की सांधे कमकुवत होतात, हे खरे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तर बंद होताना हेड थेट तबकडीवर टेकत असे. तरीही अशा डिस्क साधारण 50,000 वेळा बंद-चालू होण्यासाठी बनवलेल्या असत. दिवसातून दोनदा बंद-चालू केले तरी त्या हिशेबाने सत्तरएक वर्षे लागतील. आजच्या एसएसडीत फिरणारा भागच नाही. उलट जे भाग खरोखर म्हातारे होतात, ते चालण्याच्या तासांनी होतात. पॉवर सप्लाय उघडला तर आत उभी नळकांडी दिसतात, ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यांतला द्रव उष्णतेने हळूहळू आटतो. तापमान 10 अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. मे महिन्यात कोकणपट्टीतल्या घरात रात्रीही उकाडा असतो, त्यात पंखा चोवीस तास धूळ आत ओढत राहणार. रोज सहा तास वापरायचे यंत्र चोवीस तास चालवणे म्हणजे ही झीज चौपट वेळ होऊ देणे.

विजेचा हिशेब सोपा आहे. डेस्कटॉप नुसता बसून असला तरी साधारण 60 वॅट खातो असे धरू. बिनकामाचे 18 तास म्हणजे दिवसाला एक युनिटाहून थोडे अधिक, महिन्याला सुमारे 32 युनिट. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटांच्या पुढे दर बराच चढतो; 80-90 युनिट वापरणारे घर एवढ्यानेच वरच्या टप्प्यात जाते. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटामागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे महिन्याला बावीसेक किलो, तेही कोणाच्याही उपयोगाविना. ‘सुरू करतानाच जास्त वीज लागते’ हा आक्षेप तर गणितातच टिकत नाही. दोन मिनिटे 100 वॅट लागले, तरी तेवढी वीज यंत्र नुसते चालू ठेवून साडेतीन मिनिटांत संपते.

खरा प्रश्न पावसाळ्याच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात उभा राहतो. कोकणात विजांचा कडकडाट याच दिवसांत जास्त असतो. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा वसई-विरार भागात झाडे पडून वीज गेली होती. पण एवढे वादळ लागतेच असे नाही. तारेवर फांदी टेकली तरी लाइट जाते. त्या क्षणी डिस्कवर काही लिहिले जात असेल तर फाइल अर्धवट राहते, कधी विंडोजच उठत नाही. लाइट परत येते तीही खालीवर होत. आणि न्यूट्रल तुटला तर 230 व्होल्टच्या जागी घरात 300 हून अधिक व्होल्ट येऊ शकतात. साधा यूपीएस अशा वेळी काही मिनिटे देतो, पण ती मिनिटे वापरायला कोणीतरी जागे हवे. निव्वळ स्लीपवर ठेवले तर उघडे काम रॅममध्येच असते. वीज गेली की तेही गेले. हायबरनेट मात्र सगळे डिस्कवर लिहून ठेवते, मग प्लग काढला तरी चालते. आणि विजा चमकत असताना प्लग काढावाच, कारण स्विचमधली काही मिलिमीटरची फट तेवढ्या दाबाला अडवू शकत नाही. ब्रॉडबँडची तार तांब्याची असेल तर तीही काढावी.

ओल धरते म्हणून पावसात चालू ठेवावा, असे सांगणाऱ्यांचे म्हणणे मला पटते, पण अर्धेच. महिनाभर बंद पडलेल्या यंत्रात दमट हवा गंज आणि बुरशी आणतेच. त्यावर रोज तासभर चालवणे पुरते.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: रिकामा कॉम्प्युटर विज्ञानाच्या कामी का लावू नये? 1999 मध्ये सुरू झालेल्या, परग्रहांवरील बुद्धिमान जीवांचे संकेत शोधणाऱ्या सेटी ॲट होम प्रकल्पात लाखो घरांनी हेच केले. 2010 मध्ये आइन्स्टाइन ॲट होम या तशाच प्रकल्पातल्या घरगुती कॉम्प्युटरांनी एक नवा पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदने पाठवणारा तारा, शोधून काढला. हे काम मोलाचे आहे, त्याबद्दल मनात आदरच आहे. मात्र सेटीच्या सुरुवातीच्या काळातले प्रोसेसर रिकामे असतानाही बरीच वीज खात, म्हणून ती गणिते जवळजवळ फुकटात होत. आजचा प्रोसेसर काम नसले की आपले बरेच भाग झोपवतो. त्याला कामाला लावले की विजेचा वापर दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे हे दान आता खरोखरच पदरचे आहे. ज्यांना ते द्यायचे आहे त्यांच्यासाठी बॉइंक या सॉफ्टवेअरमध्ये वेळ ठरवून देण्याची सोय आहे. पावसाळा वगळून, घरात माणसे जागी असतानाचे तास त्यात भरता येतात.