मळकं पाकीट मागा!

नाणी जमवायचा छंद म्हटला की पहिली अडचण येते ती पैशांची. नाण्यांच्या प्रदर्शनात गेलं की एकेका नाण्यावर लावलेली किंमत वाचूनच आपण हात मागे घेतो. पण दोस्तांनो, एक मार्ग असा आहे, की ज्यात शंभर रुपयांची नाणी बरोबर शंभर रुपयांनाच मिळतात. हवी ती ठेवायची, नकोत ती खर्च करून टाकायची. तोटा शून्य! हा मार्ग जातो तुमच्या गावातल्या बँकेच्या रोखपालाच्या खिडकीवरून.

अमेरिकेत हा छंद फार जुना आहे. तिथल्या बँका नाणी कागदाच्या सुरळीत घट्ट गुंडाळून देतात. पाव डॉलरच्या, म्हणजे ‘क्वार्टर’च्या सुरळीत ४० नाणी, अर्ध्या डॉलरच्या सुरळीत २०. दोन्हींची किंमत १० डॉलर. लोक या सुरळ्या घरी नेतात, फोडतात, एकेक नाणं पाहतात आणि उरलेली परत करतात. त्यामागे कारणही तसंच आहे. १९६४ सालापर्यंतच्या क्वार्टरमध्ये ९० टक्के चांदी असायची. १९६५ पासून ती काढून तांबं आणि निकेल वापरायला लागले. त्यामुळे सुरळीत चुकून एखादं १९६४चं नाणं निघालं, तर पाव डॉलरला चांदी मिळाली म्हणायची!

आपल्याकडे मात्र चांदीची आशा धरू नका. १९४७ साली आपला रुपया निकेलचा झाला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धत आली आणि आणे हळूहळू व्यवहारातून गेले. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून बाद झाली. ५० पैशांचं नाणं कायद्याने अजून चालतं, पण देतं कोण आणि घेतं कोण? म्हणजे आपल्या हाती राहिली १, २, ५, १० आणि २० रुपयांची नाणी. ‘मग त्यात काय शोधायचं?’ असं वाटलं ना? थांबा जरा.

आधी नाणी मिळवायची कशी ते पाहू. आपल्या बँकांत कागदाच्या सुरळ्या नसतात. इथे १०० नाण्यांची प्लास्टिकची छोटी पिशवी असते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्येसुद्धा शंभराची पिशवी ग्राहकाला आणि रोखपालाला सोयीची पडते, असं म्हटलेलं आहे. सुरुवातीला एक रुपयाचं पाकीट घ्या, शंभराची एक नोट पुरते. घरातलं मोठं माणूस बरोबर न्या. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनवाल्या आजी-आजोबांची रांग असते, तेव्हा जाऊ नका. सोमवारी सकाळीही नको. दुपारी गर्दी ओसरली की जा, आणि “काका, एक रुपयाची शंभर नाणी मिळतील का?” असं सरळ विचारा. बँकांना नाणी देण्यात सहसा आनंदच असतो, कारण नेणारे कमी आणि आणून टाकणारे जास्त.

आता खरी गोम. रोखपालकाका कौतुकाने कोरी करकरीत नाणी पुढे करतील. चकाकणारी, एकसारखी. ती बघून हुरळून जाऊ नका! टांकसाळीतून थेट आलेल्या पिशवीत बहुधा सगळी नाणी एकाच सालाची आणि एकाच टांकसाळीची असतात. त्यातलं एक पाहिलं की शंभर पाहिल्यासारखी. आपल्याला हवं आहे ते दुसरं पाकीट. किराणा दुकानदाराने, पेट्रोल पंपवाल्याने किंवा देवळाच्या विश्वस्तांनी बँकेत भरलेलं. दानपेटीतल्या नाण्यांना तर कधी कधी हळदकुंकूही लागलेलं असतं. असं मळकं, सरमिसळ पाकीट म्हणजे तीस वर्षांचा इतिहास. तेच मागा. रोखपालकाका चमकून बघतील, पण देतील.

घरी आल्यावर जमिनीवर जुनं वर्तमानपत्र अंथरा आणि पाकीट ओता. एक रुपयाची नाणी असतील तर आधी आकारावरून वेगळी करा. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा, ४.८५ ग्रॅमचा. त्यावर धान्याची कणसं. २००७ पासून आला अंगठा दाखवणारा नृत्यमुद्रेचा रुपया. २०११ पासून ₹ हे चिन्ह असलेला, पण आकाराने लहान आणि पावणेचार ग्रॅमच्या आसपासचा. गंमत म्हणजे २०११ चं दोन रुपयांचं नाणं जवळजवळ जुन्या रुपयाएवढंच आहे! त्यामुळे रुपयाच्या पाकिटात चुकून दोन रुपयेही निघतात. आणि अशी सरमिसळ झाली, की नुसत्या वजनावर नाणी मोजणाऱ्याची पंचाईत होते.

दोन रुपयांच्या पाकिटासाठी एक साधी युक्ती सांगतो. लोहचुंबक घ्या आणि ढिगावरून फिरवा. स्टीलची नाणी पटापट चिकटतील. जी खालीच राहतील ती तांबं-निकेलची, म्हणजे २००४ च्या आधीच्या काळातली असण्याची शक्यता मोठी. त्यातच भारताचा नकाशा असलेली अकरा कोनांची नाणी सापडतात. पाच रुपयांतही तसंच. जुनं जाडजूड पाच रुपयांचं नाणं ९ ग्रॅमचं होतं. हातात घेतलं की कळतं! मात्र पाचाच्या बाबतीत एकट्या चुंबकावर विसंबू नका, कारण २००९ नंतरची पिवळसर नाणीही चुंबकाला चिकटत नाहीत.

यानंतर भिंग घ्या आणि सालाच्या खाली बघा. इथेच या छंदाची खरी मजा आहे. आपल्या देशात चार टांकसाळी आहेत. पत्त्यांतल्या चौकटसारखी बारीक खूण दिसली तर नाणं मुंबईचं. चांदणी दिसली तर हैदराबादचं. गोल ठिपका असेल तर नोएडाचं. स्वातंत्र्यानंतर उभारलेली ही पहिली टांकसाळ, १९८८ मध्ये सुरू झाली. आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. म्हणजे एकाच सालाचा एकच रुपया चार प्रकारचा असू शकतो. पुण्याच्या मंडईत खर्च झालेला रुपया कोलकात्यात जन्मलेला असतो, हे कळायला फक्त एक भिंग लागतं.

त्यातूनही नशीब जोरावर असेल, तर याहून लांबचा पाहुणा भेटतो. नाण्यांची टंचाई असताना सरकारने काही नाणी परदेशातून पाडून घेतली होती. १९८५च्या काही रुपयांवर ‘एच’ हे इंग्रजी अक्षर दिसतं. ती इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची. १९९७-९८च्या काही रुपयांवर ‘एम’ आणि त्याच्या डोक्यावर चिमुकलं वर्तुळ असतं, ते मेक्सिकोचं. १९९९च्या काही पाच रुपयांच्या नाण्यांवर मॉस्कोच्या टांकसाळीची खूण आहे. मॉस्कोत जन्मलेलं नाणं सांगलीच्या एखाद्या शाखेतल्या पिशवीत, ही कल्पनाच किती छान आहे! माझ्या मते एखाद्या महागड्या जुन्या नाण्यापेक्षा हा शोध जास्त मोलाचा, कारण तो आपल्या डोळ्यांनी लागलेला असतो.

प्रसंगविशेष काढलेली नाणीही पाकिटांत येतात. आपल्या महाराष्ट्राच्याच माणसांची यादी करा ना. संत ज्ञानेश्वरांचा रुपया १९९९चा, शिवाजी महाराजांचे दोन रुपयेही १९९९चे. संत तुकारामांचे दोन रुपये २००२चे, लोकमान्य टिळकांचे पाच रुपये २००७चे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे दहा रुपये २०१५चे. हे पाच जमवायचे असं ठरवलं, तर वर्षभराचं काम झालं.

सापडलेलं नाणं कडेने धरा. आणि चिंच, पितांबरी, टूथपेस्ट हे सगळं स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरातच राहू दे. घासलेलं नाणं चमकतं खरं, पण त्यावरचे बारीक ओरखडे भिंगाखाली ओरडून सांगतात, आणि जाणकार संग्राहक ते हातातही घेत नाही. फार मळ असेल तर साधं पाणी आणि मऊ कापडाने टिपणं, बस्स. एका वहीत साल उभं, टांकसाळी आडव्या असा तक्ता आखा आणि मिळेल तिथे खूण करत जा.

एक सावधगिरी. ‘तुमच्याकडे अमुक नाणं असेल तर लाखो रुपये मिळवा’ अशा जाहिराती मोबाईलवर येतात. आधी थोडे पैसे भरा म्हणतात, आणि ते गेले की गेलेच. रिझर्व्ह बँकेच्या नावानेही असे प्रकार झाले, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने आपला याच्याशी काही संबंध नाही असं जाहीर केलं. चालू नाण्यांच्या पाकिटात लाख रुपये नसतात. असते तर रोखपालकाकांनीच काढून घेतले नसते का?

आता उरलेल्या ९०-९५ नाण्यांचं काय करायचं? बँकेत नाणी भरायला मर्यादा नाही. पण शंभराशंभराची पाकिटं करून न्या, आणि मोजण्याचं शुल्क लागतं का ते आधी विचारून घ्या. खरं सांगू? ज्या खिडकीने नाणी हसत दिली, तीच खिडकी परत घेताना कपाळाला आठ्या घालते. त्यांचंही बरोबर आहे, मागे रांग असते. त्यापेक्षा कोपऱ्यावरचा वाणी गाठा. सुट्टे नाहीत म्हणून जो तुम्हाला रुपयाऐवजी गोळी देतो ना, तोच! त्याला मोजून शंभर नाणी द्या आणि शंभराची नोट घ्या. दहाची नाणी मात्र काही दुकानदार ‘चालत नाहीत’ म्हणून नाकारतात. तेव्हा त्यांना सांगा, की १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने जाहीर केलंय, तोपर्यंत आलेल्या दहाच्या नाण्याचे १४ नमुने आहेत आणि चौदाही चालतात. वाणी खूश असेल, तर त्याच्या गल्ल्यातली नाणी पाच मिनिटं पाहू का, असंही विचारून बघा.