आधी युनिट, मग लागवड

सुगंधी शेतीचा विषय निघाला की पहिलं नाव येतं लॅव्हेंडरचं. जम्मूतल्या भदरवाहची जांभळी शेतं आता सगळ्यांच्या मोबाइलवर आहेत. पण लॅव्हेंडरला कडक थंडी आणि कोरडा उन्हाळा लागतो. महाबळेश्वरला साडेचार हजार फूट उंची आहे, पण पावसाळाही पाच-सहा हजार मिलिमीटरचा आहे. तिथं मुळं कुजणार. माण, खटाव, आटपाडी, खानापूरच्या निचऱ्याच्या जमिनीत ठिबकावर जिरॅनिअम किंवा गवती चहा घेणं जास्त शहाणपणाचं. महाराष्ट्राला हा धंदा नवाही नाही. एकोणिसाव्या शतकात खानदेशातलं रोशा गवताचं तेल मुंबईमार्गे परदेशी जात होतं.

या सगळ्या पिकांचं तेल काढायची रीत एकच. स्टीलच्या टाकीत जाळीवर पाला दाबून भरायचा. पोकळी राहिली की वाफ तिथूनच निसटते आणि बाकीचा पाला कोरा राहतो. बॉयलरची वाफ खालून सोडली की पानांतलं तेल तिच्याबरोबर उडतं. जिरॅनिऑल २३० अंशांच्या आसपास उकळतं, तरी ते शंभराच्या आतच बाहेर येतं, कारण पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत आणि दोघांच्या वाफेचा दाब एकत्र होतो. पुढे थंड पाण्यातल्या नळीत वाफेचं पाणी होतं आणि हलकं तेल वर तरंगतं.

आता हिशेब. जिरॅनिअमच्या एक टन ओल्या पाल्यातून साधारण एक किलो तेल मिळतं. गवती चहातून पाच-सहा किलो. म्हणजे घरी पाच किलो गवती चहा उकळला तर हाती पंचवीस-तीस ग्रॅम पडेल. हौसेला तेवढं पुरेसं आहे, मात्र वाफेची वाट कधीही बंद होऊ देऊ नका. भांडं फुटू शकतं.

शेतीसाठी हिशेब वेगळा. टनभर पाला लांब नेण्यात वाहतूकच नफा खाते, म्हणून तेल काढायचं युनिट शिवाराजवळच हवं. एकट्याला ते परवडत नाही. गावाने गट करून घ्यावं. तेलाची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी आणि लखनौच्या 'सीमॅप' या सरकारी संस्थेचा सल्ला घ्यावा. रोपं विकणारा तेल विकत घेईल, या तोंडी भरवशावर मात्र एक गुंठाही लावू नका. खरेदीचा लेखी करार आणि जवळचं युनिट, या दोन्ही गोष्टी हातात असतील तरच रोपांची ऑर्डर द्या.