नैराश्याच्या औषधाचा गुण सर्वांना सारखा का येत नाही?

नैराश्यावर दिलेल्या पहिल्या औषधाने सुमारे एक तृतीयांश रुग्णच पूर्ण बरे होतात. अमेरिकेत सुमारे ४,००० रुग्णांवर झालेल्या ‘स्टार-डी’ अभ्यासातून २००६ मध्ये हे पुढे आले. सुरुवातीला सर्वांना सिटालोप्रॅम हे एकच औषध दिले होते. गुण न आलेल्यांचे औषध बदलल्यावर किंवा जोडीला दुसरे दिल्यावर आणखी काही जण सावरले. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात मात्र हे प्रमाण बरेच घसरले.

या फरकाची सुरुवात निदानापासूनच होते. नऊपैकी किमान पाच लक्षणे दोन आठवडे टिकली आणि त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक असले, की नैराश्याचे निदान होते. एकाची झोप उडालेली, भूक मेलेली. दुसरा दिवसभर झोपून राहतो आणि त्याचे वजन वाढते. दोघांच्या कागदावर आजाराचे नाव एकच. शिवाय थायरॉइडची कमतरता किंवा बी-१२ जीवनसत्त्वाचा अभावही असाच थकवा आणि उदासी आणतो. नैराश्यामागे बायपोलर आजार दडलेला असेल, तर केवळ नैराश्यविरोधी गोळीने रुग्ण उन्मादाकडे झुकू शकतो.

औषध रक्तात किती काळ टिकते, हे यकृतावर अवलंबून असते. एसिटालोप्रॅम या नैराश्याच्या औषधाचे विघटन मुख्यतः ‘सीवायपी२सी१९’ हे विकर करते. जनुकांमुळे ते काहींमध्ये मंद असते. मग नेहमीच्याच डोसाने रक्तातली पातळी चढते आणि दुष्परिणाम वाढतात. ते फार वेगवान असेल, तर तोच डोस अपुरा पडतो. मंद विकराचे लोक युरोपीयांपेक्षा दक्षिण आशियात अधिक आढळतात, म्हणून आपल्याकडे हा मुद्दा विशेष महत्त्वाचा. तरीही जनुक-चाचणीचा उपयोग मुख्यतः डोस ठरवण्यापुरता आहे. कोणते औषध लागू पडेल, हे ती खात्रीने सांगत नाही.

बालपणाचाही यात वाटा असतो. दीर्घकालीन नैराश्याच्या रुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी लहानपणी मारहाण, अत्याचार, हेळसांड किंवा आई-वडिलांचा वियोग सोसला होता, त्यांना एकट्या औषधापेक्षा एकट्या मानसोपचाराने अधिक फायदा झाला. अशा रुग्णाला नुसती गोळी देऊन घरी पाठवणे म्हणजे त्याच्यावर अन्यायच.

मानसोपचार महागडाच असतो असेही नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण खास प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी रुग्णांना थोडक्या भेटींत पुन्हा रोजच्या कामांत आणि माणसांत मिसळायला मदत केली. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांपैकी ६४ टक्के रुग्ण सावरले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

वेळेची अडचण निराळीच. मळमळ, अस्वस्थता पहिल्या आठवड्यातच जाणवते, पूर्ण गुण यायला मात्र चार ते सहा आठवडे लागतात. या मधल्या काळातच अनेक जण गोळ्या सोडतात. म्हणून उपचार लागू पडत नसल्यास डॉक्टर आधी गोळ्या नियमित घेतल्या का, डोस पुरेसा होता का, हे पाहतात. मग निदान पुन्हा तपासतात. भ्रम असलेल्या तीव्र नैराश्यात, विशेषतः उतारवयात, विद्युत-उपचार औषधांपेक्षा चांगला लागू पडतो. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय तो करता येत नाही.