ऐंशी पराभवांचा हिशेब

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये सलग पराभवांचा सर्वांत मोठा विक्रम टेक्सास राज्यातील प्रेअरी व्ह्यू ए अँड एम या विद्यापीठाच्या नावावर असून, नोव्हेंबर १९८९ ते सप्टेंबर १९९८ या काळात त्याच्या संघाने ओळीने ८० सामने गमावले. या विक्रमाकडे बहुधा थट्टेचा विषय म्हणून पाहिले गेले. परंतु त्यामागची कारणे पाहिली, तर मैदानावरील खेळाडूंच्या उणिवांपेक्षा मैदानाबाहेरच्या निर्णयांचाच त्यात मोठा वाटा असल्याचे दिसते.

हे विद्यापीठ १८७६ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झाले. दक्षिणेकडील राज्यांतील गोऱ्यांच्या विद्यापीठांचे दरवाजे बंद असल्याने टेक्सासमधील उत्तमोत्तम कृष्णवर्णीय खेळाडू साहजिकच येथे येत, आणि बिली निक्स यांच्या प्रशिक्षणाखाली या संघाने १९५३ ते १९६४ या काळात कृष्णवर्णीय महाविद्यालयांचे राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवले. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये नावारूपाला आलेले ओटिस टेलर आणि केन ह्यूस्टन हे याच संघातले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मात्र मोठ्या विद्यापीठांनी वर्णभेदाची आडकाठी हळूहळू दूर केली आणि भरपूर पैसा व भव्य मैदाने असलेल्या त्या संस्थांकडे हेच खेळाडू वळू लागले. न्याय्य असलेल्या या बदलाची किंमत अशा लहान संस्थांना मोजावी लागली, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही.

त्यात क्रीडा विभागाच्या आर्थिक गैरव्यवस्थापनाची भर पडली. विद्यापीठाने १९९० चा हंगाम रद्द केला आणि १९९१ मध्ये संघ पुन्हा उतरवला तो खेळाडूंना शिष्यवृत्ती न देता. शिष्यवृत्ती म्हणजे खेळण्याच्या बदल्यात मिळणारा शिक्षणाचा व राहण्या-जेवणाचा खर्च; चांगल्या खेळाडूला आपल्याकडे ओढण्याचे महाविद्यालयाजवळचे मुख्य साधन तेच. शिवाय अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन धावतात, एकमेकांना अंगाने भिडून पाडतात, आणि एका वेळी ११ जण मैदानात असले तरी आक्रमणासाठी व बचावासाठी वेगवेगळे खेळाडू लागतात. जखमींच्या जागी उतरवायला राखीव गडी हवेत, ते निराळेच. अशा खेळात शिष्यवृत्तीवर आलेल्या भरगच्च संघासमोर हौशी विद्यार्थी उभे करण्याचा परिणाम ठरलेलाच होता: १९९१ च्या ११ सामन्यांत प्रेअरी व्ह्यूने ४८ गुण मिळवले आणि ६१७ दिले, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना दर सामन्यात सरासरी ५६ गुण मिळाले. चेंडू प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपार नेला की, म्हणजे ‘टचडाउन’ झाला की, सहा गुण मिळतात, हे ध्यानात घेतले की या आकड्याचे वजन कळते. न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठ १९८३ ते १९८८ दरम्यान ओळीने ४४ सामने हरले होते. तो विक्रम मागे टाकून प्रेअरी व्ह्यूचा संघ त्यानंतरही अनेक वर्षे हरतच राहिला.

२६ सप्टेंबर १९९८ रोजी ओक्लाहोमा सिटी येथे लँगस्टन विद्यापीठाचा १४-१२ असा निसटता पराभव करून संघाने ही मालिका संपवली. पराभवाच्या वर्षांत विद्यापीठाची शान राखली होती ती ‘मार्चिंग स्टॉर्म’ या त्याच्या बँडने, कारण कृष्णवर्णीय विद्यापीठांच्या सामन्यांत मध्यंतरातील वादनाला खेळाइतकेच महत्त्व असते. पण आदल्याच आठवड्यात सदर्न विद्यापीठाच्या बँडशी झालेल्या हाणामारीमुळे तो निलंबित होता आणि विजयाच्या दिवशी मैदानात नव्हता.

एका विजयाने संघ बलवान झाला, असे अर्थातच नाही. हंगामात हरलेल्या सामन्यांपेक्षा जिंकलेले सामने अधिक भरण्याची वेळ १९७६ नंतर थेट २००७ मध्ये आली, आणि साउथवेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्स या आपल्या विभागीय स्पर्धागटाचे विजेतेपद, जे १९६४ नंतर एकदाही मिळाले नव्हते, ते हेन्री फ्रेझियर यांच्या प्रशिक्षणाखाली २००९ मध्ये मिळाले.