स्वस्त हेडरची निवड



बेळगावच्या शाळेत माझ्याकडे पदार्थविज्ञान शिकलेला एक विद्यार्थी आज कॅलिफोर्नियात नोकरी करतो. शिलकीतल्या पैशांतून त्याने १९८९ सालची फोर्ड मस्टँग ही आठ सिलिंडरांची वेगवान मोटार विकत घेतली. गाडी चालू लागली तेव्हा इंजिनाच्या कुशीतून टक्-टक् असा आवाज येऊ लागला. पाहतो तो, जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांपैकी एकीला तडा गेलेला. दोन महिन्यांवर सरकारी तपासणी आलेली. त्याने दोन जाहिराती पाठवून विचारले, "सर, यांतला कोणता हेडर घेऊ? एकाची किंमत दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी आहे."

हेडर म्हणजे काय, ते आधी पाहू. प्रत्येक सिलिंडरातून जळालेला वायू बाहेर पडतो. बहुतेक मोटारींत तो बिडाच्या एका ओतीव पोकळ तुकड्यात गोळा होतो. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. उद्यमबागेतील ओतशाळा पाहिलेल्या बेळगावकरास बिडाचे गुण सांगावयास नकोत. ते स्वस्त पडते, टिकते आणि आवाजही दाबते. परंतु त्या आखूड पोकळीत चार सिलिंडरांचे वायू एकमेकांच्या वाटेत येतात. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरास पोलादाची स्वतंत्र नळी दिलेली असते, आणि त्या चारही नळ्या पुढे एका रुंद तोंडात मिळतात.

यात केवळ मोकळी वाट एवढाच लाभ नाही. झडप उघडताच दाबाची एक लाट नळीतून धावत जाते. ती रुंद तोंडाशी पोहोचली की उलटून मागे फिरते, आणि मागे येताना ती दाबाची न राहता ओढीची लाट झालेली असते. आत घेणारी आणि बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा क्षणभर एकदम उघड्या असतात. नेमक्या त्याच क्षणी ही ओढ येऊन पोहोचली, तर उरलेला धूर बाहेर खेचला जातो व ताजे मिश्रण आत येण्यास साहाय्य होते. नळी लांब असेल तर लाटेस परतावयास वेळ लागतो, म्हणून तिचा उपयोग इंजिनाच्या मध्यम गतीत होतो. आखूड नळीची लाट लवकर परतते, आणि तिचा मेळ फार मोठ्या गतीतच बसतो. नळी वाजवीपेक्षा रुंद घेतली तर वायूचा वेग मंदावतो आणि रोजच्या चालीतला जोर उलट कमी होतो. या गाडीच्या ४.९ लिटरच्या, फेरफार न केलेल्या इंजिनास सव्वाएक्केचाळीस मिलिमीटर, म्हणजे एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच बाह्य व्यासाची नळी पुरते. "जितकी मोठी तितकी बरी" हे दुकानदाराचे शास्त्र आहे.

आता जाहिरातींकडे वळू. स्वस्त हेडरच्या जाहिरातीत "चारही नळ्या समान लांबीच्या" असे ठळक अक्षरांत होते. समान लांबी चांगलीच. तथापि या इंजिनात उजव्या रांगेत १ ते ४ व डाव्या रांगेत ५ ते ८ असे सिलिंडर असून ते १-३-७-२-६-५-४-८ या क्रमाने पेटतात. म्हणजे उजवीकडचे १ आणि ३ लागोपाठ, व डावीकडचे ६ आणि ५ लागोपाठ. नळ्या कितीही समान केल्या तरी एका बाजूचे चार स्फोट समान अंतराने येणार नाहीत. अमेरिकन व्ही-आठ इंजिनाची ती घुमणारी गुरगुर याच विषमतेतून निघते. शिवाय फोर्ड कारखान्याने १९८५ पासून या जोरदार इंजिनास बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी नळ्यांचेच हेडर बसविले होते. मूळची २२५ अश्वशक्ती; नवा आखूड हेडर तीत भर घालील ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मी त्यास कळविले, "शक्तीसाठी पैसे टाकू नकोस. न फुटणारा, न गळणारा आणि तपासणीत अडणार नाही असा घे."

तपासणीचे कलम महत्त्वाचे. कॅलिफोर्नियात १९७६ आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांची धुराची तपासणी होते. तपासनीस धूर मोजतो, तसाच इंजिनाचे झाकण उघडून डोळ्यांनीही पाहतो. धुराशी संबंध असलेला बाहेरचा भाग बसविला असेल, तर तेथील हवा मंडळाने त्यास दिलेला आदेश क्रमांक त्याला दाखवावा लागतो. तो नसेल तर धूर कितीही स्वच्छ असो, गाडी नापास. लांब नळ्यांच्या हेडरने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची जागाच जाते, आणि रस्त्यावरच्या गाडीतून तो काढून टाकण्यास अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याचीही मनाई आहे. म्हणून लांब नळीचा विचार तेथेच संपला. दोन जाहिरातींपैकी महाग वस्तूखाली क्रमांक छापलेला होता; स्वस्त वस्तूखाली बारीक अक्षरांत "केवळ शर्यतीच्या मैदानासाठी" असे होते. अशी बारीक अक्षरे आधी वाचावीत, हे मी वर्गात प्रश्नपत्रिकेच्या सूचनांविषयी किती वेळा सांगितले असेल!

उरला प्रश्न धातूचा, आणि स्वस्त-महाग येथेच ठरते. साधे पोलाद स्वस्त, पण त्यावरचा रंग पहिल्या काही तापण्यांतच जळतो व गंज धरतो. ३०४ जातीच्या स्टेनलेसमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. ते गंजत नाही, परंतु तापल्यावर साध्या पोलादाच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावते. पत्रा पातळ आणि वेल्डिंग कच्चे असेल तर हेच प्रसरण सांध्याशी तडा पाडते. चकाकणारा स्वस्त हेडर वर्षभरात फुटतो तो यामुळे. मोटारीचे कारखाने बहुधा ४०९ जात वापरतात. तीत क्रोमियम अकराएक टक्के. वरवर तांबूस गंज चढतो, पण नळी पुष्कळ वर्षे टिकते. सिरॅमिकचा लेप दिलेले साधे पोलाद हा कमी खर्चाचा चांगला मध्यममार्ग होय. लेप उष्णता नळीत कोंडून ठेवतो, त्यामुळे शेजारच्या स्पार्क प्लगच्या वायरीही कमी भाजतात.

पार्सल आले की बसविण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. जाहिरातीत ३०४ म्हटले असेल तर लोहचुंबक लावावा; तो घट्ट चिकटला तर धातू ३०४ नव्हे. इंजिनावर बसणारी जाड पट्टी, जिला फ्लँज म्हणतात, ती काचेवर पालथी ठेवून डुगडुगते का पाहावे. ही पट्टी सुमारे साडेनऊ मिलिमीटर जाडीची असावी. पातळ पट्टी वेल्डिंगच्या उष्णतेनेच वाकते. मग नळीच्या तोंडात बोट घालून आतल्या कडेशी वेल्डिंगचा उंचवटा राहिला आहे का ते चाचपावे.

फ्लँज वाकडी असली तर होणारा तोटा केवळ आवाजाचा नाही. गळतीच्या फटीतून बाहेरची हवा आत शिरते, पुढचा ऑक्सिजन सेन्सर त्या हवेस फसतो, पेट्रोल कमी पडत आहे असे समजून संगणक ते अधिक सोडू लागतो, आणि गाडी पेट्रोल पिऊ लागते. तपासणीतही मग धूर नडतो. स्वस्त हेडरबरोबर येणारे कागदी गॅस्केट यास्तव टाकून द्यावे व धातूचे थर असलेले वेगळे घ्यावे. हा खर्च किमतीत आधीच धरावा. मजुरीही धरावी, ती कधी कधी हेडरच्या किमतीइतकी होते.

त्याने अखेर क्रमांक असलेलाच हेडर घेतला, मात्र स्टेनलेसचा नव्हे. सिरॅमिक लेपाचा, आखूड. जुनी, न फुटलेली कारखान्याची नळी भंगारवाल्याकडे मिळाली असती तर मी तीच घ्यावयास सांगितले असते, पण ती मिळाली नाही. मजुरी वाचविण्यासाठी बसविण्याचे काम त्याने स्वतः केले. तीस वर्षांहून जुने बोल्ट बिडात गंजून बसलेले असतात. आदल्या रात्रीच त्यांवर तेल सोडून ठेव, आणि इंजिन किंचित कोमट असताना पाना लाव, असे मी लिहिले होते. तरी एक बोल्ट तुटलाच. तो काढून घेण्यासाठी त्याला एका मिस्त्रीकडे जावे लागले आणि वाचविलेल्या मजुरीतला निम्मा भाग तेथे गेला.

पहिल्या शंभर मैलांनंतर सर्व बोल्ट थंड इंजिनावर पुन्हा आवळले. तीन बोल्ट पाव फेरा सैल निघाले, असे तो लिहितो. टक्-टक् थांबली आहे. तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.