नांदायचं म्हणजे काय?

मराठीत 'नांदणं' हे फार सुंदर क्रियापद आहे. घरात सुख नांदतं, गावात शांतता नांदते. नव्या जोडप्याला आपण आशीर्वाद देतो तोही 'नांदा सौख्यभरे' असाच. पण अंगावर वळ घेऊन माहेरी आलेल्या मुलीला जेव्हा विचारलं जातं, 'मग आता नांदायला कधी जाणार?', तेव्हा त्याच शब्दाचा अर्थ उलटा होतो. नांदणं म्हणजे निमूट सोसणं, असा. आमच्या मुसलमान घरांतून तिला 'सब्र कर' म्हणतात, शेजारच्या घरातून 'जुळवून घे' म्हणतात. डोलीतून गेलेलीनं तिथून जनाज्यावरच निघावं, किंवा तिरडीवरच, हे दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं. धर्म वेगळे असले तरी या बाबतीत आपली एकी मोठी आहे!

कविता लिहिणाऱ्या माणसाला शब्द तपासून घ्यायची सवय असते. 'जरा तापट आहे', 'हात उचलतो, पण मनाचा चांगला आहे', 'घरोघरी मातीच्या चुली' ही वाक्यं मी अशीच तपासते. ही सगळी वाक्यं मार खाणारीला गप्प करतात, मारणाऱ्याला नाही. 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' ही म्हण आपल्याच भाषेत आहे. त्यातला तोंड दाबणारा हात पुष्कळदा नवऱ्याचा नसतो, आपला असतो.

२०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर दहा विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ तिघींनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक बळजबरी झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण चारांत एक आहे. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे. हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाहीच, कुणाला सांगितलंही नाही. ज्यांनी मदत मागितली त्याही बहुतेक आपल्या माहेरच्या माणसांकडे गेल्या, पोलिसांकडे फार थोड्या. म्हणजे तिचं पहिलं न्यायालय आई, भाऊ, बहीण, शेजारीण हेच असतं. तिथला निकाल विरुद्ध गेला तर ती पुढचं दार सहसा ठोठावत नाही.

हिंसा म्हणजे फक्त थप्पड नव्हे. २००५ साली झालेला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू असलेला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा शारीरिक छळाबरोबरच लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानतो. पगार काढून घेणं, स्त्रीधन दाबून ठेवणं, मूल होत नाही म्हणून टोमणे मारणं हे सारं त्यात येतं. हा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. पत्नीइतकाच आई, बहीण, मुलगी, विधवा यांच्यासाठीही आहे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं, तरी कायद्याची प्रक्रिया पाळल्याशिवाय तिला बाहेर काढता येत नाही.

'एवढा त्रास होता तर निघून का नाही आली?' हा प्रश्न विचारणं सोपं असतं. जायचं कुठे, पोरांचं काय, हातात पैसा कुठे, हे तिचे प्रश्न असतात. शिवाय सुटू पाहणाऱ्या बाईवर तेव्हाच अधिक जबर हल्ला होण्याचा धोका असतो. म्हणून तिला घाई करू नये आणि 'मी बघतो त्याच्याकडे' म्हणत परस्पर जाबही विचारू नये. आपण घरी परततो, पण ती रात्र तिथेच काढते.

मग करायचं काय? ती बोलेल तेव्हा मध्ये न बोलता ऐकायचं. 'तू काय केलं होतंस?' असं न विचारता 'यात तुझा दोष नाही' हे वाक्य आधी म्हणायचं. तिची गोष्ट गल्लीभर करायची नाही. आधारकार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला किंवा निकाहनामा, दवाखान्याचे कागद यांच्या प्रती आपल्याकडे ठेवायची तयारी दाखवायची. फोनवर एखादा ठरलेला शब्द आला की मदतीला निघायचं, एवढं ठरवून ठेवायचं. २००८ साली 'बेल बजाओ' नावाची मोहीम निघाली होती. शेजारून मारहाणीचा आवाज आला तर काही निमित्त काढून बेल वाजवायची, इतकीच तिची मागणी. वाटीभर साखर मागितली तरी उगारलेला हात थांबू शकतो. जिवावर बेतेल असं वाटलं तर मात्र ११२ वर पोलिसांनाच बोलवायचं.

१८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे शेजारीही खबर देऊ शकतो. प्रामाणिकपणे दिलेल्या खबरीबद्दल कायदा त्याला जबाबदार धरत नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्जाची पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत व्हावी, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून कोर्टाच्या पायरीवर तिच्यासोबत बसणारं माणूस लागतं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली अशा स्त्रियांसाठी केंद्र सुरू झालं, त्याचं नाव 'दिलासा'. फारसीतून आलेला हा शब्द मराठीनं केव्हाच आपला मानला. जखमेवर पट्टी बांधतानाच 'हे कसं झालं?' असं आपुलकीनं विचारावं, ही त्यामागची कल्पना.

जमात असो, भावकी असो की सोसायटी, समेटाला बसणाऱ्यांनी तिला आधी एकटीला विचारावं, 'तुला तिथे सुरक्षित वाटतं का?' उत्तर 'नाही' असेल तर समेटाची बैठक तिथेच थांबवावी. आणि लेकीची पाठवणी करताना आईबापांनी 'दिल्या घरी सुखी राहा' जरूर म्हणावं; पण त्याला जोडून 'सुख नसेल तर सांग, हे घर तुझंच आहे' हेही म्हणावं. जावयाला ऐकू जाईल, इतक्या मोठ्यानं.